नोमिकीचं बोटीचं पान

वारा जोरात सुटला की ग्रीसच्या आमोर्गोस बेटावरची माणसं आधी खिडक्या लावून घ्यायची आणि मग नोमिकी वेक्रीला फोन करायची.

"बोट येतेय का?"

"येतेय."

"कुठे?"

खरा प्रश्न हा दुसरा. बेटाला बंदरं दोन. अलीकडे कातापोला, पलीकडे एगियाली, आणि दोन्हींच्या मधे पोटातलं ढवळून काढणारा डोंगरातला रस्ता. बोट कातापोलाला लागणार असं आधीपासून ठरलेलं असलं, तरी लाटा बघून कप्तान ऐनवेळी एगियालीकडे तोंड फिरवायचा. चुकीच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला बोट धड दिसायचीसुद्धा नाही.

कातापोलाच्या तिकिटांच्या दुकानात हे सगळं एकटी नोमिकी सांभाळायची. चाळिशी ओलांडलेली, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि आवाज असा खणखणीत की काचेच्या खिडकीची तिला गरजच नव्हती. तरुणपणी ती अथेन्सला जाऊन आली होती. तिथे एका छापखान्यात सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं मांडायची. टोमॅटोशेजारी साबण, साबणाशेजारी कोंबडी. "मी जितक्या कोंबड्या रांगेत लावल्यात ना, तितक्या अंड्यातून बाहेरसुद्धा आल्या नसतील," असं ती सांगायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा एका हिवाळ्यापुरती म्हणून ती बेटावर परतली. आई गेली, आणि नोमिकी राहिली.

छापखान्यातली एक खाज मात्र हातात राहिली होती. कुठलीही गोष्ट वाकडी मांडलेली दिसली की तिला चैन पडत नसे. दुकानाचं इंटरनेटवरचं पान वाकडंच होतं, म्हणून ते तिने स्वतःकडे घेतलं आणि सीएसएस शिकली. पानावरची अक्षरं कुठे बसतील, किती मोठी होतील, कुठल्या रंगात येतील, हे ब्राउझरला सांगायची ती भाषा. या भाषेत सारखं काहीतरी नवं येत असतं आणि नोमिकी त्याच्यावर टपून बसलेली असे. पर्यटक गेले, हॉटेलांच्या खुर्च्या उलट्या झाल्या, की तिचे प्रयोग सुरू. त्यासाठी तिने एक वेगळं पान ठेवलं होतं. त्याचं नावच 'प्रयोग'. एका हिवाळ्यात त्या पानावर एक बोट होती. पान वर सरकवलं की ती लाटेवर डुलायची. ती बघून दुकानाचे मालक किर-याकोवोस म्हणाले होते, "मला बघूनच मळमळतंय. काढ ती."

त्या वर्षी तिच्या हाती जे लागलं, ते मात्र बोट डुलवण्यासारखं नव्हतं.

"किर-याकोवोस, इकडे या. बघा."

किर-याकोवोस संत्रं सोलत सोलत आले. वडिलांपासून चालत आलेलं दुकान, आणि वडिलांपासूनच चालत आलेला स्वभाव; नव्या गोष्टीकडे ते आधी तिरक्या नजरेनेच बघत.

"हा बोटींचा फळा. ही आजची ओळ. आता मी या ओळीला फक्त एक खूण लावते, बंदर बदललं म्हणून. बघा हं!"

अख्खा फळा केशरी झाला. 'कातापोला' नाहीसं झालं आणि त्याच्या जागी 'एगियाली' अशी ढब्बू अक्षरं आली.

"बरं. मग?"

"मग काय? मी फळ्याला हातसुद्धा लावलेला नाही! आजवर या भाषेत हुकूम वरून खालीच जायचा. फळ्याला सांगितलं की त्यातल्या ओळी ऐकायच्या. पण ओळीत काय आहे ते बघून फळ्याने बदलायचं, हे जमतच नव्हतं. आता जमतं. आत पोर रडलं की आई वळून बघते ना, तसं."

"आणि इतके दिवस आई काय बहिरी होती?"

"ठार बहिरी!"

किर-याकोवोसनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "काम झालं म्हणजे मिळवली. तेवढे फोन कमी येऊ देत बाई."

नोमिकीने मनावर घेतलं. दुकानात येईल त्याला बजावायला लागली, "मला फोन करायचा नाही. पान बघायचं. पान खोटं बोलत नाही."

किरा-पोथितीलाही, म्हणजे पोथितीबाईलाही, तिने हेच बजावलं. पोथिती सत्तरी पार केलेली, खाडीच्या पलीकडे एकटी राहणारी. नोमिकीच्या आईची मैत्रीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजव्याने अंधुक दिसायचं, डाव्याने नुसता उजेड. सिरोस बेटावरच्या इस्पितळात तिच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती.

"तिकीट आत्ताच काढून ठेवू का तुझं?"

"धक्क्यावर काढीन. बोट समोर दिसल्याशिवाय मी तिकिटाला हात लावत नाही, माहितेय ना तुला! पान बघीन आणि येईन."

ज्या दिवशी जायचं, त्या सकाळी वारा फिरला. कंपनीचा निरोप आला, एगियाली. नोमिकीने खूण लावली, फळा केशरी झाला, आणि ती गाडी काढून एगियालीला गेली. बोट लागते तिथे तिकिटांची खिडकी उघडायला तिलाच जावं लागे. एगियालीच्या धक्क्यावर माणसं जमली होती. "पान बघितलं," "मुलाने पान दाखवलं," असं जो तो सांगत होता. नोमिकीची मान ताठ झाली. बोट आली, माणसं चढली, बोट गेली. किरा-पोथिती काही दिसली नाही. वारा बघून घाबरली असेल, नोमिकीला वाटलं.

परत येताना कातापोलाच्या धक्क्यावर, बांधून ठेवलेल्या मचव्यांपाशी, एक काळी शाल दिसली. पोथिती आपल्या बॅगेवर बसली होती. पाय जुळवून, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.

"आलीस?" ती म्हणाली. "बोट उशिरा आहे ना आज? माणसंही अजून कुणी नाहीत."

"किरा-पोथिती, बोट गेली. एगियालीहून."

"पण पानावर कातापोला आहे."

"नाही गं. एगियाली आहे. केशरी, मोठं."

"मी डोळ्यांनी अधू आहे, डोक्याने नाही," पोथिती म्हणाली, आणि शालीतून फोन काढून तिच्या हातात दिला. "वाच."

नोमिकीने वाचलं. पान साधं, पांढरं, शांत. कातापोला.

हा फोन पोथितीच्या मुलीचा जुना. बेटावर फोन असेच येतात. मुलं अथेन्सला नवा घेतात, जुना पुसून, बिस्किटांच्या डब्यात घालून बोटीने आईबापांना पाठवतात. नोमिकीला हे ठाऊक नव्हतं थोडंच! कित्येक डबे तिच्याच दुकानातून सोडवून नेले जायचे. पण प्रयोग करताना तिच्यासमोर होता तिचा स्वतःचा कोरा फोन आणि दुकानातला कोरा संगणक.

दुपारी किर-याकोवोस टेबलावर हात आपटत होते. "डोळ्याचा डॉक्टर आता पुढच्या महिन्यात येणार सिरोसला! बाई तोवर काय भिंती चाचपत फिरणार? तुझी आई वळून बघते म्हणे! कुठे बघितलं? काढून टाक सगळं. दारावर कागद लावू, माझा बाप लावायचा तसा."

"कागद दारावर राहील, किर-याकोवोस. माणसं घरात असतात."

"मग जुनं पान लाव."

"जुन्या पानावर बंदर बदलायला मला सगळी ओळ नव्याने लिहावी लागायची. एकदा घाईत तारीखच चुकली होती माझी, आठवतंय? तुम्हीच ओरडला होतात."

"मी दोन्ही वेळा ओरडणार! मालक आहे मी!"

नोमिकी हळू, पण एकेक शब्द ठेवून बोलली. "चूक माझी आहे. मला ती सापडू दे. डॉक्टर परत यायच्या आत बेटावरच्या प्रत्येक मोडक्या फोनवर पान नीट दिसलं नाही, तर मी स्वतः दारावर खिळा ठोकीन."

चूक सापडली ती पोथितीच्या स्वयंपाकघरात. पोथिती चाचपत कॉफी करत होती. भांडं एका शेगडीवर आणि जाळ दुसरीवर. नोमिकीने उठून भांडं सरकवलं आणि परत बसली. मांडीवर संगणक, समोर तो जुना फोन.

जुन्या ब्राउझरना नवी गोष्ट कळणार नाही, हे तिला आधीच सुचलं होतं. म्हणून तर तिने नियम लिहिताना दोन्ही खुणा दिल्या होत्या. आधी जुन्या पद्धतीची, मग स्वल्पविराम, मग नवी. जुन्याला जुनी कळेल, नव्याला नवी, असा हिशेब. आणि तिथेच घात झाला होता. अशा यादीत एक जरी खूण ब्राउझरला कळली नाही, तर तो तेवढीच सोडून पुढे जात नाही. अख्खा नियमच टाकून देतो. मुकाट्याने. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. पोथितीच्या फोनने 'एगियाली दाखव' हा हुकूम असाच कचऱ्यात टाकला होता.

"सापडली," नोमिकी म्हणाली.

"मोठी आहे?"

"एक स्वल्पविराम."

"एवढ्याशाने माझी बोट चुकली?"

"स्वल्पविरामाने नाही, किरा-पोथिती. माझ्याने. ज्या गोष्टीसाठी माणूस पान उघडतो, तीच मी सजावटीत टाकली. सजावट गळली की बंदरही गळलं."

पोथितीने कॉफी ओतली. थोडी कपात, थोडी बशीत. "मग आता काय? किर-याकोवोस म्हणतो सोडून दे."

"सोडणार नाही."

"मी विचारलं काय करणार. काय करणार नाहीस ते नाही."

नोमिकीला हसू आलं. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा.

तिने पान पायापासून उचललं. आधी नुसते शब्द. रंग नाही, चौकट नाही, लपवाछपवी नाही. 'आज बोट एगियालीला लागेल. कातापोलाला नाही.' हे वाक्य पानातच, सगळ्यात वर, कुठल्याही हुकमाची वाट न बघता. त्याच्यावर जुन्या फोनला झेपेल एवढी मांडणी. आणि त्याच्याही वर नवी करामत, पण आता वेगळ्या कप्प्यात. कप्प्याच्या दाराशीच ब्राउझरला प्रश्न, तुला हे कळतं का? कळत असेल तर आत ये आणि फळा केशरी कर. नसेल तर जा बाबा, तुझं काही अडलेलं नाही. हा प्रश्न विचारायची सोय त्या भाषेत कधीपासूनची होती. नोमिकीने ती वाचलीही होती. 'प्रयोग'च्या पानावर कधी गरज पडली नव्हती, एवढंच.

मग ती फोन गोळा करायला होरामधल्या काफेनियोत, म्हणजे कॉफीच्या अड्ड्यावर, गेली. डोंगरावरचं गाव, दुपारची वेळ, म्हातारे पत्ते कुटत बसलेले.

"फोन काढा सगळ्यांनी. टेबलावर ठेवा."

"धाड पडली काय?" बार्बा-निकितास म्हणाला. हा सगळ्यांचा बार्बा, म्हणजे काका; पूर्वीचा मच्छीमार, आता एका खिळखिळ्या ट्रकचा मालक आणि टेबलावरचा सगळ्यात मोठा फटकळ. "बायकोने पाठवलंय का तुला?"

"तुझ्या बायकोला तुझ्या फोनमध्ये काय सापडणार आहे, बार्बा? काढ."

फोन पत्त्यांसारखे पडले. एकाची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, एकाला पाठीमागे रबर गुंडाळलेलं, एक तर इतका जुना की नोमिकीने तो उचलून त्याचा मुकाच घेतला.

"माझ्या नातवाने दिलाय तो," मालक अभिमानाने म्हणाला.

"देव त्याचं भलं करो. असाच हवा होता."

प्रत्येकावर तिने पान उघडलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा रबरवाल्या फोनवर अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर चढून बसली. ती घरी गेली, दुरुस्त करून परत आली. मग बार्बा-निकितासच्या फोनवर वाक्य मधेच तुटलं. त्याने अक्षरं डोळ्याला सोसतील म्हणून सगळ्यात मोठी करून ठेवली होती, आणि नोमिकीने ओळीची उंची मात्र आवळून बांधलेली. म्हणजे ज्याला कमी दिसतं, त्यालाच अर्धं दिसणार!

"'आज बोट एगि'," बार्बा-निकितासने मोठ्याने वाचलं. "एगि म्हणजे कुठे? हे तिसरं बंदर कधी बांधलं?"

सगळे खिदळले. नोमिकी नाही. तिने ठरावीक मापं काढून टाकली आणि सगळं वाचणाऱ्याच्या अक्षराच्या मापात लिहिलं. अक्षर वाढलं की ओळ वाढेल, जागा वाढेल. परत आली. परत फोन. काफेनियोत ती आत शिरली की म्हातारे आता न सांगताच खिशात हात घालायचे.

"पोरी," बार्बा-निकितास एकदा म्हणाला, "एवढी उठाठेव करतेस, त्यापेक्षा ती तुझी नवी भानगडच काढून टाक ना. साधं लिहून सोड."

"केशरी फळा लांबून ओळखू येतो, बार्बा. गाडी चालवणारा माणूस नुसती नजर टाकून समजतो. ज्याच्या फोनला झेपतं, त्याला ते का मिळू नये?"

"आणि ज्याच्या फोनला झेपत नाही?"

"त्याला बोट मिळेल. तेवढं नक्की."

बार्बाने पत्ते पिसले. "हट्टी आहेस. तुझी आईपण अशीच होती, मासे निवडताना."

डॉक्टर यायचा आठवडा आला. पोथितीने बॅग भरून दाराशी ठेवली आणि नोमिकीला दम दिला.

"फोन करायचा नाहीस मला."

"अगं, पण वारा..."

"वारा असू दे. तू बेटाला म्हणालीस ना, पान बघा? मग मी पान बघणार. जन्मभर काय मला कुणी हात धरून धक्क्यावर नेणार आहे? वाचता आलं तर तुझं पान खरं."

"आणि नाही आलं तर तुझा डोळा जाईल!"

"माझा डोळा आहे," पोथिती म्हणाली. तिथे विषय संपला.

आणि नेमका त्याच सकाळी वारा फिरला. वाऱ्याचा जोर सात बोफोर, मग आठ. निरोप आला, एगियाली. नोमिकीने सगळ्यात वर ते वाक्य टाकलं आणि खूण लावली. आपल्या फोनवर बघितलं, केशरी. दुकानात मुद्दाम आणून ठेवलेल्या जुन्या फोनवर बघितलं, साधं वाक्य, सगळ्यात वर, पुरतं. हात पोथितीच्या नंबरवर गेला. थांबला. मग तिने वेगळा नंबर लावला.

"बार्बा-निकितास, ट्रक घेऊन कातापोलाच्या धक्क्यावर ये. मचव्यांपाशी उभा राहा. किरा-पोथिती तिथे आली तर तिला उचल आणि एगियालीला आण. रस्त्यात कुठे कॉफीला थांबायचं नाही."

"विश्वास नाही का तुझ्या पानावर?"

"पान माझं आहे, बार्बा. डोळा तिचा आहे."

जाताना तिने गाडी पोथितीच्या घरावरून घेतली. दाराला कडी. बॅग नाही. म्हणजे बाहेर पडली होती, पण कुठल्या दिशेला? सबंध डोंगर चढता-उतरताना नोमिकी प्रत्येक वळणावर स्वतःलाच शिव्या घालत होती. त्या कप्प्याचं दार नीट लावलंय ना? ओळ तुटली नसेल ना? तिचा ब्राउझर रात्रीतून काही विचित्र तर नसेल ना वागला?

एगियालीला तिने खिडकी उघडली. माणसं जमत होती. बार्बा-निकितासचा फोन आला.

"इथे कुणी नाही. एक मांजर आहे. तिला आणू का?"

"नीट बघ. काळी शाल."

"मांजरही काळं आहे. पोरी, सगळा धक्का पालथा घातला. नाही."

खाडीच्या तोंडाशी बोट दिसली. पांढरी, पुढून पाण्यात बुडत, मागून वर उठत. नोमिकी तिकिटं फाडत होती आणि रस्त्याकडे बघत होती. किर-याकोवोसही आले होते. वारा असला की त्यांना घरी बसवत नसे. त्यांनी संत्रंसुद्धा काढलं नाही.

बोटीने वळण घेऊन पाठ धक्क्याकडे केली. साखळ्या खडखडल्या. तेवढ्यात वरच्या वळणावर बस दिसली. हॉर्न वाजवत, वाऱ्याने एका बाजूला कलत उतरली. दार उघडलं. आधी बॅग बाहेर आली, मग काठी, मग काळी शाल.

"काय हा ड्रायव्हर!" पोथिती उतरतानाच ओरडत होती. "मी म्हणते एगियालीला सोड, तर म्हणतो, आजी, बोट कातापोलाला असते. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे की माझ्या? हा फोन त्याच्या नाकासमोर धरला. वाच म्हटलं!"

नोमिकी खिडकी सोडून धावली. पोथितीचा खांदा धरला, मग सोडला, मग परत धरला.

"वाचलंस? तू स्वतः?"

"नाकाला लावून वाचलं. अक्षरं भोपळ्याएवढी आहेत. एगियाली. खाली, कातापोलाला नाही. पहिलं नीट कळलं नसतं तर दुसऱ्याने कळलं असतं, ते चांगलं केलंस." मग तिने नोमिकीवर तीनदा थुंकल्यासारखं केलं, नजर लागू नये म्हणून. "पण ते केशरी म्हणतात ते कुठाय? बसमधला पोऱ्या म्हणत होता, त्याचं सगळं पान केशरी झालंय. माझं काळं-पांढरंच."

"तुझ्या फोनला ते कळत नाही, किरा-पोथिती. म्हणून त्याला विचारून सोडून दिलं."

"त्याला नसेल कळत. मला कळलं."

किर-याकोवोसनी पुढे होऊन तिची बॅग उचलली. "चला, चला. डॉक्टर थांबणार नाही." नोमिकीच्या बाजूने जाताना ते नुसतं एवढंच म्हणाले, "दारावर खिळा ठोकायचं राहू दे."

पोथिती तिकीट मुठीत धरून लोखंडी उतारावरून चढली. मधेच थांबली, वळली. मागची माणसं तुंबली, खलाशी हात हलवून ओरडायला लागला, "आजी, चला!" पण पोथितीला जे सांगायचं, ते सांगितल्याशिवाय ती हलणाऱ्यातली नव्हती.

"नोमिकी! परतीची बोट कुठल्या बंदराला लागणार, तेही लिहून ठेव. तेव्हा मला दिसणार आहे. एक अक्षर वाकडं असलं तर याद राख!"